घरातला कर्णा

कर्णा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे दोन गोष्टी उभ्या राहतात. एक, ग्रामोफोनच्या तबकडीवर कललेले पितळी फूल. दुसरी, मांडवाच्या बांबूला बांधलेला भोंगा. पहिलीविषयी आपल्याला जिव्हाळा आहे, दुसरीविषयी तक्रार. तेव्हा चांगले संगीत ऐकावे म्हणून कोणी मुद्दाम घरात कर्णा आणून बसवतो, असे सांगितले तर श्रोत्यांना ती थट्टा वाटेल. परंतु गेल्या शंभर वर्षांत इंग्लंड, अमेरिका, जपान आणि फ्रान्स या देशांत हे पुन्हा पुन्हा घडले आहे. आटोपशीर पेटी हाताशी असताना शहाण्यासुरत्या माणसांनी कपाटाएवढा कर्णा घरात घेतला आहे. त्यामागे केवळ जुन्याचा सोस नव्हता, असे आमचे मत आहे.

प्रथम कर्णा करतो काय, ते पाहू. या बांधावरून त्या बांधावर हाक मारताना शेतकरी दोन्ही पंजे तोंडाभोवती धरतो. त्याने गळ्याचा जोर वाढत नाही. आहे तो जोर वाया जायचा थांबतो. हवा फार हलकी. लहानसा पडदा मोकळ्या हवेत थरथरला तर हवा त्याच्या कडेने निसटते. वल्ह्याऐवजी काठीने होडी हाकावी, तसा तो प्रकार होतो. कर्ण्याच्या अरुंद गळ्यात हवेला निसटायला जागा नसते. पडद्याचा धक्का तिला घ्यावाच लागतो, आणि पुढे रुंदावत जाणारी नळी तो धक्का हळूहळू खोलीतल्या हवेच्या स्वाधीन करते.

एडिसनचा फोनोग्राफ १८७७ चा. त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षे घरातल्या यंत्रातील आवाजाला विजेची मदत नव्हती. सुईला जेवढा हादरा बसेल, तेवढीच शक्ती. ध्वनिमुद्रणही कर्ण्यातच चाले. १९०२ साली कलकत्त्यास फ्रेड गायस्बर्ग याने गौहर जान यांचे गाणे घेतले, ते असेच. गवयाने कर्ण्यात गायचे आणि श्रोत्याने कर्ण्यातून ऐकायचे! मात्र दिवाणखान्यात हे धूड नको, ही कुरकुर तेव्हाही होतीच. १९०६ साली अमेरिकेतील व्हिक्टर कंपनीने कर्णा पोटात दडवलेले ‘व्हिक्ट्रोला’ काढले. आवाज कमी करायचा तर कपाटाची दारे लोटायची, इतकी साधी ती युक्ती होती.

या काळातले कर्णे बव्हंशी अंदाजाने घडवलेले असत. वेब्स्टर या शास्त्रज्ञाने १९१९ साली कर्ण्याचे गणित प्रसिद्ध केले, आणि १९२४ साली हॅना व स्लेपियन यांनी दाखवून दिले की, ठराविक लांबीगणिक ज्याच्या पोकळीचे क्षेत्रफळ दुप्पट होत जाते, असा कर्णा खालचे स्वरही नीट देतो. १९२५ साली व्हिक्टरच्या ‘ऑर्थोफोनिक’ यंत्राच्या मोठ्या नमुन्यात सुमारे सहा फुटांचा असा कर्णा घड्या घालून बसवला गेला. विजेशिवायच्या यंत्राने गाठलेला तो कळस होय. दैव असे की, त्याच वर्षी राइस आणि केलॉग यांनी कागदी शंकूच्या ध्वनिक्षेपकावरचा आपला निबंध प्रसिद्ध केला. हा शंकू उघड्यावर हलतो. त्याला दिलेल्या शक्तीपैकी शंभरात एखाददुसरा भागच आवाज होतो, बाकीची उष्णता. चांगला कर्णा वीस-पंचवीस भागांचा आवाज करी. पण व्हॉल्व्हच्या कृपेने शक्ती विकत मिळू लागली होती, आणि जे विकत मिळते त्याची काटकसर कोण करतो? कर्णा चित्रपटगृहांत गेला, घरातून उठला.

सर्वांच्याच घरातून नव्हे. लंडनमध्ये ई. एम. जी. आणि पुढे एक्स्पर्ट या छोट्या कारखान्यांत कागदाच्या लगद्याचे, दोन-तीन फूट तोंडाचे कर्णे हाताने घडवले जात. विजेवरचे रेडिओग्राम दुकानात मांडलेले असताना काही रसिक हे कर्णे घेत आणि बांबूच्या सुया तासत बसत. त्याच शहरात पॉल व्हॉइट या इंजिनिअराने १९३४ च्या सुमारास विजेचा पडदा आणि कर्णा यांची जोडी घराच्या कोपऱ्यासाठी बांधली. शक्ती पुरेशी असतानाही कर्णा हवा, हा विचार येथे प्रथम स्पष्ट दिसतो.

कोपराच का? त्यासाठी थोडा हिशेब करू. काळी एकमध्ये गाणाऱ्या गवयाच्या तंबोऱ्याचा खर्ज सेकंदाला सुमारे ६९ कंपनांचा असतो. त्याची लहर सोळा फुटांची. कर्ण्याच्या तोंडाचा घेर लहरीएवढा असावा, असा ठोकताळा आहे. म्हणजे तोंड पाच फूट रुंद हवे! असा कर्णा घरात आणल्यावर माणसांनी राहायचे कोठे? पण दोन भिंती आणि जमीन जेथे मिळतात, तेथे आवाजाला पसरायला चौफेर अवकाशाचा आठवा हिस्साच उरतो, म्हणून तोंडही आठव्या हिश्शाचे पुरते. घराच्या भिंती स्वतःच कर्णा होतात. अमेरिकेतील आर्कान्सा राज्यात होप नावाचे लहान गाव आहे. तेथे पॉल क्लिप्श याने हेच तत्त्व पूर्णत्वास नेले, आणि १९४६ साली तो आपले ‘क्लिप्शहॉर्न’ विकू लागला. त्याचा मुद्दा असा होता की, कर्ण्यामुळे पडदा फार थोडा हलतो, आणि पडदा जितका कमी हलेल तितका आवाज कमी बिघडतो. सारा वाद या एका वाक्यात आहे, असे आम्हांस वाटते. काटकसर हे साधन. साध्य आहे ते आवाजातली सहजता. पेटीतला शंकू मोठ्या स्वराला धापा टाकतो. कर्ण्यातून गवयाने समेवर टाकलेला आवाज आणि त्याआधीचा दबलेला श्वास, दोन्ही आपापल्या जागी येतात.

एवढे असूनही कर्णा पुन्हा हरला. १९५४ साली एडगर व्हिल्चर याने बंद पेटीतल्या हवेचीच स्प्रिंग करून लहान पेटीतून खोल खर्ज काढून दाखवला. १९५८ साली स्टीरिओ तबकड्या बाजारात आल्या, तेव्हा एकाऐवजी दोन ध्वनिक्षेपक लागू लागले. दोन मोकळे कोपरे कोणाच्या घरी असतात? पुढे ट्रान्झिस्टरने वॅट स्वस्त केले. या निकालात कानांचा भाग थोडा आणि जागेच्या भाड्याचा जास्त, हे आपल्या मुंबई-पुण्याच्या बिऱ्हाडकरूस समजावून सांगायला नको.

परत फिरण्याची वाट जपानने दाखवली. जागेची टंचाई तेथे आपल्याइतकीच. तरी तेथील रसिकांनी अमेरिकेने टाकून दिलेले वेस्टर्न इलेक्ट्रिकचे चित्रपटगृहांतले कर्णे जमवले आणि सात-आठ वॅटच्या व्हॉल्व्हवर ते वाजवले. जॅझ ऐकवणाऱ्या तेथील कॉफीघरांतही कर्ण्याच्या ध्वनिक्षेपकांना मोठा मान आहे. जाँ हिरागा याच्या लेखनाने १९७० नंतर हे वेड फ्रान्सात पोचले.

कर्ण्याचे दोष आम्ही झाकू इच्छीत नाही. आकार चुकला तर तो नाकात बोलतो. घड्या घातलेल्या नळीत वरचे स्वर मरतात, म्हणून त्यांना वेगळा कर्णा द्यावा लागतो, आणि मग दोहोंचा सांधा ऐकू येण्याची भीती असते. मांडवातला भोंगा आपल्याला छळतो तोही याच हिशेबाने. त्याचे तोंड दीड फुटाचे धरले तर सेकंदाला अडीचशे कंपनांखालचा आवाज त्यातून धड निघत नाही. डग्गा जातो, पुरुषाच्या गळ्याचा भरीवपणा जातो, उरतो तो कर्कशपणा. कर्ण्यावरचा आपला राग बराचसा त्याच्या आखूडपणावरचा आहे.

क्लिप्शचा कर्णा होप गावी अजून तयार होतो. अलीकडच्या घडणीत त्याची पाठ बंद केलेली असल्याने तो भिंतीला घट्ट चिकटवावा लागत नाही. कोपरा मात्र त्याला अजूनही लागतो, आणि एक नव्हे, दोन.