मानेचा मणका : शस्त्रक्रिया करावी की थांबावे?

आपल्यापैकी अनेकांवर हा प्रसंग आला असेल किंवा उद्या येऊ शकेल. हायवेवर गाडीला मागून धडक बसते किंवा भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले वडील बर्फावरून घसरतात. इमर्जन्सी रूममध्ये डॉक्टर सांगतात की मानेचा मणका मोडला आहे. शस्त्रक्रिया करायची की कॉलर घालून थांबायचे ते ठरवावे लागेल. पुण्या-मुंबईत अशा वेळी सल्ला द्यायला दहा माणसे गोळा होतात. इथे आपण नवरा-बायको दोघेच असतो. अशा वेळी या निर्णयाचा इतिहास ठाऊक असला तर उपयोगी पडतो.

हा इतिहास फार जुना आहे. एडविन स्मिथ या अमेरिकन गृहस्थाने १८६२ साली इजिप्तमध्ये लक्सॉर येथे एक पपायरस विकत घेतला. तो इ. स. पूर्व १६०० च्या सुमाराचा असून आज न्यूयॉर्क अॅकॅडमी ऑफ मेडिसिनकडे आहे. शिकागोच्या जेम्स ब्रेस्टेड यांनी १९३० साली त्याचे भाषांतर प्रसिद्ध केले. त्यात ४८ रुग्णांची वर्णने आहेत आणि वैद्याने तीनपैकी एक निवाडा द्यायचा आहे : उपचार करीन, झुंज देऊन पाहीन किंवा हा उपचारापलीकडचा. मान नुसती मुरगळली असेल तर पहिल्या दिवशी ताजे मांस बांधायचे, पुढे मधाचा लेप लावायचा. पण मणका सरकला आणि हातापायांची जाणीव गेली, तर निवाडा तिसरा.

हा तिसरा निवाडा पुसण्याचा धाडसी प्रयत्न १८१४ साली लंडनमध्ये हेन्री क्लाइन यांनी केला. पाठीचा मोडलेला मणका उघडून त्यांनी मज्जारज्जूवरचा दाब काढायचा प्रयत्न केला, पण रुग्ण दगावला. त्यावरून मोठा वाद पेटला. अॅस्टली कूपर शस्त्रक्रियेच्या बाजूने होते, तर चार्ल्स बेल विरुद्ध. तेव्हा भूल नव्हती, जंतुनाशके नव्हती आणि एक्स-रेही नव्हता, हे लक्षात घेतले म्हणजे बेल यांची भीती अनाठायी वाटत नाही.

पुढे चाकू न लावण्याच्या मार्गानेही मोठी मजल मारली. १९३३ साली व्हर्जिनियाचे डॉ. क्रचफील्ड यांनी कवटीला चिमटे लावून, वजनाने मान ताणून मणके जागेवर आणण्याची पद्धत प्रसिद्ध केली. १९४४ साली इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिल येथे डॉ. लुडविग गुटमान यांनी वेगळाच धडा दिला. ते घाईच्या शस्त्रक्रियेच्या विरोधात होते. रुग्णाला ठरावीक वेळाने कुशीवर वळवणे, त्वचा आणि मूत्राशय जपणे आणि त्याला पुन्हा कामाला लावणे, यावर त्यांचा भर होता. पूर्वी जखमेमुळे आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाने मरणारी माणसे जगू लागली. त्यांनी १९४८ साली तिथे सुरू केलेल्या खेळांतूनच पॅरालिम्पिक उभे राहिले. १९६५ च्या युद्धात कण्यात गोळी बसलेल्या सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ साली हायडेलबर्गला पोहण्याचे सुवर्णपदक जिंकले, ते याच परंपरेत.

१९५० च्या दशकात पारडे पुन्हा फिरले. डॉ. रॉबिन्सन व डॉ. स्मिथ आणि होनोलुलूचे डॉ. क्लॉवर्ड यांनी गळ्याच्या पुढच्या बाजूने मणक्यांपर्यंत जाण्याची वाट रूढ केली. पुढे सीटी आणि एमआरआय आले, आणि दाब नेमका कुठे आहे ते दिसू लागले. २०१२ साली उत्तर अमेरिकेतल्या मानेच्या ३१३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनी तपासलेल्यांपैकी, २४ तासांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे २० टक्के लोकांत दोन पायऱ्यांची किंवा अधिक सुधारणा दिसली. उशिरा झालेल्यांत ती सुमारे ९ टक्के होती. मात्र कोणावर केव्हा शस्त्रक्रिया व्हावी हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेले नव्हते, म्हणून हे आकडे जपून वाचावेत.

या साऱ्यातून एक गोष्ट निघते. शस्त्रक्रिया हाड स्थिर करते आणि दाब काढते. इजा झालेला मज्जारज्जू ती शिवून देत नाही. १९९५ साली घोड्यावरून पडलेले अभिनेते ख्रिस्तोफर रीव्ह यांचे डोके आणि मान शस्त्रक्रियेने पुन्हा पक्की जोडली गेली, पण हातापायांची ताकद परत आली नाही. उलट, हाड मोडले तरी मज्जारज्जू शाबूत आणि मणके स्थिर असतील, तर अनेकांचे काम कॉलरवर भागते.

म्हणून सर्जनला "करू का नको?" एवढेच विचारू नये. मणके स्थिर आहेत का? मज्जारज्जूवर आत्ता दाब आहे का? हातापायांची ताकद तासागणिक कमी होते आहे का? थांबलो तर कशावर लक्ष ठेवायचे, आणि वय व इतर आजार पाहता भूल कितपत झेपेल? दाब असेल आणि ताकद जात असेल, तर भारतातल्या प्रत्येक नातेवाइकाचा फोन लागेपर्यंत वाट पाहण्यात अर्थ नाही. तसे नसेल, तर दुसऱ्या सर्जनचे मत घ्यायला सहसा अवधी मिळतो. थांबायचे ठरले तरी थांबणे म्हणजे हातावर हात ठेवून बसणे नव्हे, हे गुटमान यांनी दाखवून दिलेच आहे.