एबेट्स फील्ड : आठवणीतली गर्दी आणि नोंदीतली गर्दी

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये १९१३ साली उभे राहिलेले एबेट्स फील्ड हे डॉजर्स या बेसबॉल संघाचे मैदान. जुन्या चाहत्यांच्या आठवणींत ते सदैव तुडुंब भरलेले असते. हिल्डा चेस्टर ही चाहती तर गायीच्या गळ्यातली घंटा घेऊन येई आणि तिच्या घणघणाटाने मैदान दुमदुमून जाई.

तिकिटांच्या नोंदी मात्र निराळे सांगतात. १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन येथेच मैदानात उतरला आणि मेजर लीगमधील वर्णभेदाची भिंत ढासळली. त्या दिवशीही हजारो आसने रिकामी होती! २४ सप्टेंबर १९५७ च्या अखेरच्या सामन्याला तर अवघे ६,७०२ प्रेक्षक. संघ लॉस एंजेलिसला जाणार, ही घोषणा ८ ऑक्टोबरची. पण कुणकुण साऱ्यांनाच होती. ऑर्गनवादक ग्लॅडिस गुडिंग यांनी त्या सामन्यात निरोपाच्या सुरावटी वाजवल्या.

म्हणून चाहत्यांना खोटे ठरवू नये. गमावलेल्या जागेची गर्दी स्मृती स्वतःच वाढवत नेते. इतिहासाच्या अभ्यासकाने दोन्ही नोंदी शेजारी ठेवाव्यात.

फेब्रुवारी १९६० मध्ये पाडकाम सुरू झाले. भिंतींवर आदळणारा लोखंडी गोळा बेसबॉलच्या चेंडूसारखा रंगवलेला होता. आज तेथे निवासी इमारती आहेत.