इंजिन सर्वांना सारखं, कॅप्टन ज्याचा त्याचा

विद्यार्थ्यांनी स्वतः आखलेल्या, स्वतः बांधलेल्या आणि खाचखळगे, चिखल, चढ-उतारांवर पळवलेल्या ‘बाहा’ गाड्यांचा इतिहास सहसा गाड्यांच्याच अंगाने सांगितला जातो: वजन किती, वेग किती, पहिलं कोण आलं. मला तो टीमच्या कॅप्टनपदाचा इतिहास वाटतो, आणि ते पद घडवलं स्पर्धेच्या नियमांनी. ‘मिनी बाहा’ या नावाने ही स्पर्धा 1976 मध्ये अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिना विद्यापीठात सुरू झाली. नाव आलं मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पातल्या वाळवंटी शर्यतींवरून. प्रा. जॉन स्टीव्हन्स यांनी बारा इंजिनिअरिंग कॉलेजांना आव्हान दिलं. दहा कॉलेजं आली, विद्यार्थी होते 90. सरासरी नऊ जणांमागे एक गाडी. नऊ जणांत कुणी सस्पेन्शन बघणार, कुणी ब्रेक, कुणी पाइप कापणार. तेव्हा या सगळ्यांचं काम एकमेकांत बसतंय की नाही हे पाहणारं माणूस पहिल्या दिवसापासून लागणारच होतं.

त्या माणसाचं महत्त्व वाढवलं इंजिनाच्या नियमाने. अनेक वर्षं प्रत्येक टीमला ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं 10 अश्वशक्तीचं एकच इंजिन मिळत असे आणि त्यात फेरफार करायला सक्त मनाई होती. ताकद सर्वांची सारखी झाली की जिंकण्या-हरण्यातला फरक वजनात, मांडणीत, टिकाऊपणात शोधावा लागतो, आणि या तिन्ही गोष्टी एकट्या हुशार विद्यार्थ्याच्या हातात नसतात. सस्पेन्शनवाल्याला चाकाचा प्रवास जास्त हवा असतो, ट्रान्समिशनवाल्याला शाफ्टचा कोन कमी हवा असतो, आणि रोल केजवाला (चालकाभोवतीचा पाइपांचा सांगाडा करणारा) सुरक्षेच्या नियमातली जाडी सोडू शकत नाही. हा तंटा गणिताने पूर्ण सुटत नाही. कुणाला तरी निर्णय घ्यावा लागतो. त्यात भर म्हणजे एका काल्पनिक कंपनीला ही गाडी उत्पादनासाठी पसंत पडावी, अशी स्पर्धेची मूळ कल्पना. म्हणून डिझाइनचं समर्थन, खर्चाचा अहवाल आणि विक्रीचं सादरीकरण यांनाही गुण असतात. तरीही अमेरिकी नियमावलीत 1000 पैकी 400 गुण ठेवले गेले ते चार तासांच्या एन्ड्युरन्स शर्यतीला. चार तासांत गाडीबरोबर टीमचीही परीक्षा होते: पिटमध्ये तुटलेला भाग कोण बदलणार, हे आधी ठरलेलं नसेल तर वेगवान गाडीही उभी राहते.

भारतात ही स्पर्धा 2007 मध्ये आली, इंदूरजवळच्या पिथमपूरला, ‘एसएई इंडिया’ या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या पुढाकाराने आणि महिंद्राच्या पाठबळाने. पुण्यापासून सांगलीपर्यंतच्या कॉलेजांच्या वर्कशॉपना तिने नवा उद्योग दिला. इथे एक आक्षेप हमखास येतो: गिअरबॉक्स महिंद्राच्या अल्फा रिक्षाचा, स्टिअरिंगचा रॅक मारुती 800 चा, मग यात विद्यार्थ्यांनी बनवलं काय? आक्षेपात तथ्य आहे. बऱ्याच टीमच्या गाड्यांत असे भाग बसले. पण तीनचाकीसाठी केलेला गिअरबॉक्स चारचाकी, उड्या मारणाऱ्या गाडीत बसवायचा तर चाकांचा आकार, गुणोत्तर, माउंटिंग, शाफ्टची लांबी सगळं नव्याने मांडावं लागतं. बाजारात जे मिळतं त्यातून हवं ते उभं करणं हे अभियांत्रिकीचं कमी प्रतीचं रूप नाही. कोणता भाग विकत घ्यायचा, कोणता लेथवर स्वतः करायचा आणि सेमिस्टरच्या परीक्षांआधी काय उरकायचं, हे ठरवताना कॅप्टन घडतो.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो अधिक गंभीर आहे. इंजिन सारखं असलं तरी खिसे सारखे नसतात. आयात केलेला सीव्हीटी (गुणोत्तर सलग बदलणारं ट्रान्समिशन) आणि सीएनसीवर कातलेले ॲल्युमिनियमचे भाग ज्या टीमला परवडतात, ती हलकी गाडी करते. नियमांनी ही विषमता मिटवलेली नाही, हे मान्यच केलं पाहिजे. पण पैशाने चाचणीचे दिवस विकत घेता येत नाहीत. गाडी स्पर्धेच्या तोंडावर पूर्ण झाली तर महागडा भागही पहिल्यांदा तुटतो तो थेट ट्रॅकवरच. गाडी वेळेत उतरवणं हे वेळापत्रकाचं काम आहे, आणि वेळापत्रक कॅप्टनकडे असतं.

या पदाची खरी अडचण वेगळीच आहे: दरवर्षी शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी पास होऊन जातात आणि कुठला वेल्ड का सुटला, कुठला आर्म का वाकला, ही माहिती त्यांच्याबरोबर जाते. जुनी गाडी सुट्या भागांसाठी उघडली जाते, अहवाल कुणाच्या तरी लॅपटॉपमध्ये राहतात. मग ज्युनियर टीम तीच चूक पुन्हा पैसे मोजून करते. कॉलेजांनी प्रत्येक टीमची ड्रॉइंग, चाचणीच्या नोंदी आणि फसलेल्या भागांचे फोटो ग्रंथालयात जमा करून घ्यावेत, आणि मावळत्या कॅप्टनने लिहिलेला हस्तांतराचा अहवाल प्रकल्पाच्या गुणांत धरावा.