उसन्या किल्ल्या

'स्क्रिप्ट किडी' ही शिवी हॅकरांचीच. स्वतःला एक ओळ लिहिता येत नाही, दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्रॅम उतरवून घ्यायचा, बटण दाबायचं आणि मित्रांत कॉलर ताठ करायची, असा पोरगा म्हणजे स्क्रिप्ट किडी. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ही जमात बोकाळली, कारण हत्यारं फुकट मिळू लागली. १९९७ चं विननूक घ्या. समोरच्याचा आयपी पत्ता टाकला की हा प्रोग्रॅम त्याच्या विंडोज ९५ ला १३९ नंबरच्या पोर्टवर असं काही धाडायचा, की पडदा निळा आणि मशीन ठप्प. चॅटवर वादात हरलं की हेच उत्तर.

ठाण्यात मी सायबर कॅफे चालवायचो तेव्हा नेटबसची चलती होती. गिऱ्हाईक मेल वाचत बसलेलं असायचं आणि त्याच्या मशीनचा सीडीचा ट्रे आपोआप बाहेर यायचा, आत जायचा, परत बाहेर. "अहो, याला झालंय तरी काय?" अशी हाक आली की कोपऱ्यातल्या मशीनवर दोघं तोंड दाबून हसत असणार. क्लास बुडवून आलेली दहावीची पोरं. प्रोग्रॅम एका स्वीडिश माणसाने लिहिलेला. यांचं कर्तृत्व फ्लॉपी आणण्याचं.

हसण्यावारी नेण्यासारखं सगळंच नव्हतं. पोखरणच्या स्फोटांना महिना व्हायच्या आत, जून १९९८ मध्ये, 'मिल्वर्म' टोळी भाभा अणुसंशोधन केंद्राच्या संगणकांत शिरली. पोरं विशीच्या आतबाहेरची, परदेशातली. मेल उचलल्या आणि संकेतस्थळावर अणुस्फोटाचा ढग चिकटवला. यांना किडी म्हणणं मला पटत नाही. त्यांना थोडंफार येत होतं.

अस्सल नमुना पुढे फेब्रुवारी २००० मध्ये माँट्रियलला निघाला. 'माफियाबॉय', वय १५. याहू, सीएनएन, ईबे, ॲमेझॉन, सगळ्यांना त्याने खोट्या मागण्यांच्या पुरात बुडवलं, तेही तयार हत्यारांनी. क्लिंटनना व्हाइट हाउसमध्ये बैठक घ्यावी लागली. पठ्ठ्या सापडला तो चॅटरूममध्ये फुशारक्या मारल्यामुळे! २००१ मध्ये आठ महिन्यांची शिक्षा झाली.

आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० ला लागू झाला. मीही भिंतीवर पाटी लावली, 'बाहेरची फ्लॉपी चालणार नाही'. पोरं याहू चॅटच्या बूटरकडे वळली. समोरच्याला चॅटमधून हुसकावणारं ते हत्यार थेट नेटवरूनच उतरायचं, आणि तासाचे पैसे मलाच मिळायचे.