नासपती ते पंचोबा

मागच्या विकांताला मेहकरजवळ गावी गेलो होतो. आजीला वाचता येत नाही, पण पेपर आला की व्यंगचित्र आधी बघते. "हा ढेरपोट्या कोन हाय रे?" मी नाव सांगितलं. "वाटलंच मले!" बातमी वाचायला मला दहा मिनिटं लागली, तिला दहा सेकंद पुरले.

पॅरिसच्या राजाला नेमकी हीच भीती होती. १८३० साली शार्ल फिलिपोंने 'ला कारिकात्यूर' हे साप्ताहिक काढलं. शिळाछापाचं तंत्र हाताशी होतं: दगडावर चित्र काढा, थेट छापा. राजा लुई-फिलिपचा चेहरा वर निमुळता, खाली गालफुगा. १८३१ मध्ये खटला झाला, तेव्हा फिलिपोंने चार रेखाटनं पुढे केली. पहिल्यात राजा, चौथ्यात चक्क नासपती! आता यातलं नेमकं कोणतं चित्र गुन्हा? शिक्षा झालीच, पण नासपती पॅरिसभर भिंतींवर उमटली. प्रजेचा पैसा गिळणारा राजा काढला म्हणून ओनोरे दोमिए १८३२ मध्ये तुरुंगात गेला. शेवटी १८३५ मध्ये कायदा आला: चित्र छापायचं तर आधी परवानगी हवी. लेखाला मात्र ही अट नव्हती!

गंमत म्हणजे हे लोण आपल्याकडेही आलं. फिलिपोंचं दुसरं पत्र 'ल शारीवारी'. १८४१ मध्ये निघालेल्या लंडनच्या 'पंच'चं उपशीर्षकच 'द लंडन शारीवारी'. मग १८५४ मध्ये मुंबईत 'पारसी पंच' आणि १८८८ पासून बरजोरजी नवरोजींचा 'हिंदी पंच'. त्याचा नायक पंचोबा!

पण पंचोबा नेमस्त. सरकारला चिमटे काढायचा, नासपती करायचा नाही. आधी मला तो भित्रा वाटला. मग आठवलं, राजद्रोहाचं कलम १८७० पासून होतंच, आणि १८९७ मध्ये 'केसरी'तल्या मजकुरावरून टिळक तुरुंगात गेले होते. अशा काळात टिकून राहणं हीसुद्धा एक भूमिकाच म्हणायची. तरी एक गोष्ट खटकते. पंचोबाच्या चित्रांखालच्या ओळी इंग्रजी आणि गुजराती. वऱ्हाडातल्या माझ्या पणजीपर्यंत तो कुठून पोचणार?

२०१२ मध्ये मुंबईत असीम त्रिवेदीला व्यंगचित्रांवरून अटक झाली, तीही राजद्रोहाखाली. ती चित्रं इंटरनेटवर होती, म्हणजे कुणापर्यंतही पोचणारी. राजद्रोहाचा आरोप पुढे मागे घेतला गेला, पण भीती १८३५ मधलीच.

असो. निघताना आजी म्हणाली, "त्या ढेरपोट्याचं कात्रण ठेवलं हाय."