'गर्ल्स ऑन द लाइन': अनाथाश्रमातून थेट कारखान्यात जाणाऱ्या चिनी मुलींची गोष्ट

सोळावं वर्ष लागलं की अनाथाश्रम सोडायचा. मग राहायचं कुठे आणि पोट भरायचं कसं? लुली आणि युन या दोन चिनी मुलींपुढे एकच वाट आहे, ती म्हणजे कारखाना. त्यांची गोष्ट सांगणारी 'गर्ल्स ऑन द लाइन' ही इंग्रजी कादंबरी २०१८ मध्ये आली. लेखिका जेनी लिऊ या चिनी वंशाच्या अमेरिकन आहेत. कादंबरी किशोर आणि तरुण वाचकांसाठी असली, तरी तिच्यातले प्रश्न मोठ्यांचे आहेत.

कादंबरीत काय आहे?

युन आधीच कारखान्यात लागली आहे. आयुष्यात पहिल्यांदाच तिच्या हातात स्वतःचे पैसे आले आहेत. नवे कपडे, मोबाइल आणि योंग नावाचा मित्र, सगळं तिला मिळालं आहे. योंगबद्दल मात्र लोक कुजबुजतात, की तो मुलींना प्रेमात पाडतो आणि खेड्यांतल्या लग्नाळू पुरुषांना विकतो. युनचा यावर विश्वास नाही.

मग एकाच दिवशी तिची नोकरी जाते आणि आपण गरोदर असल्याचंही तिला कळतं. गर्भपातासाठी पैसे नाहीत आणि मूल जन्माला घातलं तर जबर दंड. नुकतीच आश्रमातून बाहेर पडलेली लुली मदतीला धावते, पण युन अचानक गायब होते. ही कथा दोघी आळीपाळीने सांगतात.

मूल झालं म्हणून दंड का?

चीनने १९८० पासून 'एक मूल' धोरण देशभर राबवलं. परवानगीशिवाय झालेल्या मुलासाठी 'सामाजिक संगोपन शुल्क' या नावाखाली दंड घेतला जाई. अविवाहित आईचं मूलही बहुतेक ठिकाणी यातच धरलं जाई. दंड भरला नाही, तर अनेकदा मुलाची सरकारी नोंदच होत नसे. २०१० च्या जनगणनेत अशी नोंद नसलेले सुमारे १.३ कोटी लोक आढळले.

मुलगा हवा असलेल्या अनेक कुटुंबांनी या काळात मुलींना टाकून दिलं. अनाथाश्रम मुलींनी भरले ते त्यामुळे. गर्भलिंगनिदानामुळे मुलींचे जन्मही घटले आणि २०१० च्या सुमारास दर १०० मुलींमागे ११८ च्या आसपास मुलगे जन्मत होते. खेड्यांत लग्नासाठी मुली मिळेनाशा झाल्या आणि त्यातून मुली पळवून विकण्याचा धंदा वाढला. त्यामुळे कादंबरीतली योंगबद्दलची अफवा हवेतून आलेली नाही.

कारखान्यातल्या इतर मुली कोण?

खेड्यांतून शहरात कामाला आलेल्या तरुणींना चीनमध्ये 'दागोंगमेइ' म्हणतात, म्हणजे मजुरी करणारी धाकटी बहीण. चीनमध्ये कामासाठी किमान वय १६ आहे. अनेक मुली कारखान्याच्याच वसतिगृहात राहतात आणि एका खोलीत कितीतरी जणी झोपतात. लेस्ली चँग यांच्या 'फॅक्टरी गर्ल्स' (२००८) या पुस्तकात डोंगुआन शहरातल्या अशाच मुलींची खरी आयुष्यं वाचायला मिळतात.

त्यांच्यासमोर आणखी एक अडचण असते, ती 'हुको'ची. १९५८ पासून पक्क्या झालेल्या या पद्धतीत प्रत्येकाची नोंद त्याच्या मूळ गावी असते आणि शाळा, दवाखाना, पेन्शन यांसारख्या सोयी त्या नोंदीशी बांधलेल्या असतात. त्यामुळे वर्षानुवर्षं शहरात राबूनही या मुली परक्याच राहतात.

तरी बाकीच्या मुलींना गाव असतं. चिनी नववर्षाला त्या घरी जातात, घरी पैसे पाठवतात, काम सुटलं तर परततात. लुली आणि युनला परतायला जागाच नाही. म्हणून नोकरी जाणं म्हणजे त्यांच्यासाठी पगार, छप्पर आणि ओळखीची माणसं, सगळंच एकदम जाणं.

आता काय बदललंय?

२०१६ पासून दोन आणि २०२१ पासून तीन मुलांची परवानगी मिळाली. दंडही २०२१ मध्येच रद्द झाला. १९९२ पासून दीड लाखाहून अधिक चिनी मुलं परदेशात दत्तक गेली आणि त्यांत मुलीच जास्त होत्या. २०२४ मध्ये चीनने काही नात्यातले अपवाद वगळता तेही थांबवलं.

दत्तक गेलेल्या मुलींच्या कहाण्या जगाने पुष्कळ ऐकल्या. ज्यांना कुणी नेलं नाही, त्या मोठ्या झाल्यावर कुठे गेल्या, हे क्वचितच कुणी विचारलं. ही कादंबरी तेच विचारते. ज्या धोरणामुळे असंख्य मुली आश्रमात पोचल्या, तेच धोरण युन आई होणार म्हटल्यावर पुन्हा तिच्या वाटेत उभं राहतं.