गारव्याची राखण

नगरमध्ये फ्रीज दुरुस्त करण्यात माझं आयुष्य गेलं. आता दुकान पोरगा बघतो आणि मी दाळमंडईत मित्राच्या गाळ्यावर बसून लोकांना फुकट सल्ले देतो. सगळ्या सल्ल्यांचं सार एकच: यंत्र थंडी तयार करत नाही, आतली उष्णता उचलून बाहेर टाकतं. तिची वाट मोकळी ठेवायचं काम कोणाला तरी करावंच लागतं. हे काम आजवर कोणाकोणाच्या गळ्यात पडलं, तो नगरच्या गारव्याचा इतिहास.

निजामशाहीत ते सरकारी काम होतं. पंधराव्या शतकाच्या शेवटी अहमद निजामशहाने शहर वसवलं आणि पुढे कापूरवाडी, शहापूर, भिंगार अशा बाजूंनी खापरी नळांतून गावात पाणी आणलं गेलं. पंप नाही, मोटर नाही, निव्वळ उतारावर. 1583 मध्ये पुरा झालेला फराहबाग महाल तर तळ्याच्या मधोमध बांधला. जाड भिंती, उंच छत आणि भोवती पाणी. पाण्याची वाफ होताना ती हवेतली उष्णता घेऊन जाते. आपल्या माठाचं गणितही तेच. मात्र नळ गाळाने तुंबला की बादशाही गारवा खलास. माठाचं तरी काय? बाहेरून शेवाळ धरलं, छिद्रं बुजली, की पाणी कोमट. म्हणून माझी आजी उन्हाळ्यात माठ काथ्याने घासायची आणि वाऱ्याच्या वाटेवर ओल्या वाळूत ठेवायची.

1600 मध्ये ज्या अकबराच्या फौजेने नगरचा किल्ला घेतला, त्याच्याकडची तऱ्हा वेगळी होती. ऐन-ए-अकबरीत लिहिलंय की पाण्यात सोरा विरघळवायचा आणि त्यात पिण्याच्या पाण्याची बंद सुरई फिरवायची. सोरा विरघळताना पाण्यातली उष्णता शोषतो. बंदुकीच्या दारूत पडणारा माल बादशहाची तहान भागवत होता. बर्फ मात्र यातून होत नसे.

जहाजाने बर्फ आपल्याकडे आला तो अमेरिकेतून. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या व्यापाऱ्याने 1833 मध्ये तिकडच्या गोठलेल्या तळ्यांतला 180 टन बर्फ जहाजात भरून कलकत्त्याला धाडला. चार महिन्यांच्या प्रवासानंतर त्यातला सुमारे 100 टन शाबूत उतरला. लवकरच मुंबईतही हा बर्फ येऊ लागला आणि गोदीजवळ त्याच्यासाठी खास घुमटाचं बर्फघर उभं राहिलं. गंमत बघा, त्याच बोस्टनच्या मिशन संस्थेचे पाद्री 1831 मध्येच नगरला येऊन राहिले होते. बोस्टनची माणसं घाट चढून आली, पण बोस्टनचा बर्फ बैलगाडीत टिकणार कसा? दौंड-मनमाड रेल्वे नगरवरून धावू लागली 1878 मध्ये. त्याच वर्षी कलकत्त्यात बंगाल आइस कंपनी निघाली. यंत्राचा बर्फ स्वस्त पडू लागला आणि अमेरिकेच्या बर्फाचा धंदा बुडाला.

यंत्राचा बर्फ म्हणजे कारखान्याची लादी. फ्रीजला हात लावायच्या आधी मी बर्फाच्या कारखान्यात उमेदवारी केली. जमिनीत मोठा हौद, त्यात खारं पाणी, आणि त्या पाण्यातून अमोनियाचे पाइप फिरवलेले. मीठ असल्यामुळे ते पाणी शून्याच्या बरंच खाली जाऊनही गोठत नाही. त्यात गोड्या पाण्याने भरलेले पत्र्याचे उंच डबे उभे करायचे. दिवसभरात, कधी त्याहून जास्त वेळात, सव्वाशे-दीडशे किलोची लादी तयार. मग डबा साध्या पाण्यात बुडवायचा, लादी सुटते आणि घसरत फळीवर येते. आमचे वस्ताद डब्यात बारीक नळीने हवा सोडायला लावायचे. पाणी हलत राहिलं की बर्फ काचेसारखा पारदर्शक होतो. न हलवता गोठवलं, तर विरघळलेली हवा आणि क्षार मधोमध ढकलले जातात आणि लादीच्या पोटात पांढरा पट्टा येतो. घरच्या ट्रेमधला बर्फ मधोमध पांढरट दिसतो, त्याचंही कारण हेच. त्यात फ्रीजचा दोष नाही.

लादी कारखान्यातून निघाली की राखण सुरू. लाकडाचा भुसा, त्यावर गोणपाट, आणि सायकलवरून पळापळ. रसवंतीवाला, गोळेवाला आणि दूधवाले रोजचे गिऱ्हाईक. लग्नात मठ्ठ्यासाठी बर्फ आणायला पोरं धाडायची आणि ती वाटेत टोच्याने तुकडे काढून खायची. तो बर्फ पिण्याच्या पाण्याचा की कसल्या, हे कोणी विचारत नसे. 2018 मध्ये कुठे महाराष्ट्रात नियम आला की खाण्याचा नसलेला बर्फ निळा रंग घालूनच विकायचा.

गोदरेजने 1958 मध्ये देशातला पहिला फ्रीज बनवला, पण आमच्याकडे मध्यमवर्गाच्या घरात तो दिसायला बरीच वर्षं गेली. आला तो दिवाणखान्यात! त्यावर भरतकामाचं कापड आणि शेजारी स्टॅबिलायझर. शेतीचे पंप सुरू झाले की व्होल्टेज पडायचं आणि स्टॅबिलायझर टकटक करायचा. बर्फ जमला की अॅल्युमिनियमच्या ट्रेचा दांडा ओढायचा, कडकड आवाज येऊन तुकडे सुटायचे. शेजारच्या पाच घरांचा पाहुणचार त्या एका ट्रेवर चाले. बर्फाची राखण आता घरच्या बाईकडे आली, आणि तिला ती कोणी शिकवली नाही.

माझं दुकान चाललं ते फ्रीझरमध्ये साचणाऱ्या बर्फावर. दाराचं रबर सैल झालं की दमट हवा आत शिरते आणि फ्रीझरच्या भिंतीवर बर्फाचा थर चढतो. थर जाड झाला की गारवा खालच्या कप्प्यात पोचत नाही. उपाय थर्मोस्टॅटच्या मधल्या बटणात आहे: दाबा, वितळू द्या, पुसा. लोकांना तेवढा धीर नसे. सुरी घ्यायची आणि थर खरवडायचा. तिथे दोन पातळ पत्र्यांच्या मधूनच गॅसची वाट असते. सुरीचं टोक घुसलं की फुस्स. मग मी आणि माझा सिलिंडर. पूर्वी त्यात आर-बारा गॅस असायचा. ओझोनचा थर खातो म्हणून 2010 पासून तो बंद झाला. आताचा आर-सहाशे-ए जेमतेम मूठभर लागतो, पण पेट घेतो. त्यामुळे हौशी दुरुस्ती आता नकोच.

मधली काही वर्षं भारनियमनाने फ्रीजचं कपाट करून टाकलं. गावाकडे निम्मा दिवस वीज नाही, ट्रेमध्ये पाणीच. आजीचा माठ पुन्हा ओल्या वाळूत आला.

हल्ली सावेडी उपनगरातून फोन येतात ते आपोआप बर्फ पाडणाऱ्या फ्रीजसाठी. तक्रार ठरलेली: 'काका, बर्फ अर्धाच येतो.' यात नळाचं पाणी झडपेतून ठरावीक सेकंद साच्यात पडतं, गोठलं की साचा पिळून किंवा जरा तापवून तुकडे खाली पाडतो. झडप वेळ मोजते, पाणी मोजत नाही. यंत्राला साधारण दीड बार दाब हवा. गच्चीवरच्या टाकीचं पाणी दहा मीटर उंचीवरून आलं तर एक बार मिळतो. बंगल्याची टाकी जेमतेम तीन-चार मीटरवर. तेवढ्या सेकंदांत साचा भरणार कसा? छोटा प्रेशर पंप बसवला की निम्म्या तक्रारी मिटतात. खापरी नळ टाकणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागलं नसतं. त्यांचा सगळा हिशेब पाण्याच्या उंचीचा होता.

उरलेल्या तक्रारी बोअरच्या पाण्याच्या. आपल्या काळ्या खडकातलं पाणी जड, त्याचे क्षार झडपेच्या जाळीत बसतात. फिल्टर सहा महिन्यांनी बदला, जाळी धुवा. गावाला जाताना झडप बंद करून डबा रिकामा करा. जुना बर्फ ओतून द्या, तो लसूण-मासळीचा वास धरतो. दाराच्या रबरात कागदाची पट्टी अडकवून ओढा. सहज निघाली तर रबर गेलं. फ्रीजच्या मागे चार बोटं जागा सोडा, म्हणजे बाहेर टाकलेली उष्णता पुन्हा आत येणार नाही.

नव्या फ्रीजवर 'ऑटोमॅटिक' लिहिलेलं असतं, म्हणून घरातल्या कोणालाच ही राखण आपली वाटत नाही. माठ घासणारी आजी आणि भुशात लादी गुंडाळणारा सायकलवाला यांना तसं वाटण्याची चैन परवडणारी नव्हती. लोकांनी एवढं मनावर घेतलं तर पोराच्या दुकानात गर्दी कमी होईल, पण त्याची मला चिंता नाही. त्याच्याकडे एसीची कामं भरपूर आहेत, आणि एसीची ताकद आजही बर्फानेच मोजतात: एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढेल, तेवढा एसी एक टनाचा.